पिवळा ठिपका

आमच्या शाळेच्या फाटकाला जी जुनी स्प्रिंग होती, तिच्या खालच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका होता. तसाच ठिपका माझ्या स्कूटरच्या स्टँडला आहे, प्रयोगशाळेच्या दाराला आहे, आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीखाली वाकून बघायची कुणाची हिंमत असेल तर तिथेही सापडेल. हे सगळे ठिपके अब्बासभाईंचे. सातपूरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये ते सत्तावीस वर्षं स्प्रिंगा बनवतात. तिथली पद्धत अशी, की कारागिरानं स्प्रिंग ओढून, दाबून, सोडून बघायची आणि मनाला पटली तर तिच्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. बिनठिपक्याचा माल भंगाराच्या डब्यात जातो. अब्बासभाईंचा रंग पिवळा. फुकट बनवून दिलेल्या, कुणी न मागता बसवून दिलेल्या स्प्रिंगांवरही ते ठिपका देतात. हाताला लागलेली सवय, दुसरं काही नाही.

मूळचे ते चांदवडचे. त्यांचे वडील कांद्याच्या बाजारात ताणकाटे दुरुस्त करायचे. "काटा खोटं बोलला तर शिव्या काट्याला नाय पडत मॅडम, बनवणाऱ्याला पडतात," हे वडिलांचं वाक्य त्यांनी मला किमान वीस वेळा ऐकवलंय. एकोणिसाव्या वर्षी सातपूरला आले, ते स्प्रिंगांतच अडकले. तार दोन बोटांत धरून तिची जाडी सांगतात. माझ्या हातातलं बॉलपेन एकदा घेतलं, दोनदा टकटक केलं आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "ही थकलीय." त्यांच्या दृष्टीनं जगातल्या निम्म्या वस्तू थकलेल्या असतात. कपड्यांचे चिमटे थकलेले, बसच्या सीटा थकलेल्या, आमचे पीटीचे सर थकलेले. त्यांची बायको बिलकिस म्हणते, "घरात न थकलेली मी एकटीच, आणि मलाच तेवढा ठिपका नाही दिला."

त्यांची मुलगी फलक माझ्या वर्गात होती. मी विज्ञान शिकवते आणि रागीट बाई म्हणून प्रसिद्ध आहे. राग येण्याची सोय आमच्या धंद्यात भरपूर आहे, त्यातही विज्ञान प्रदर्शनात. ज्वालामुखी वडील बनवतात, चार्ट मावशी रंगवते, आणि मूल टेबलामागे उभं राहून पाठ केलेलं बोलतं. मधेच काही विचारलं की आईकडे बघतं. फलक सातवीत असताना तिनं प्रदर्शनात ताणकाटा ठेवला होता. तार तिनं स्वतः पेन्सिलीवर गुंडाळलेली, आकडे स्वतः टाकलेले, दगड मोजून मोजून. दुसरा नंबर आला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, "बाप स्प्रिंगवाला, पोरीला काय अवघड आहे?" म्हणणाऱ्यांत मीही होते. फलक तेव्हा हजेरीचं बुक ठेवायला दारात आलेली होती.

बुक टेबलावर ठेवून ती निघून गेली. पुढच्या वर्षी आठवीत उंदराच्या चापावर चालणाऱ्या गाडीची जिल्ह्याची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा पहिलं नाव तिनं दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, या वेळी कुणी म्हणायचं नाही, अब्बूंनी बनवली. तुम्हीसुद्धा नाही." तेरा वर्षांच्या पोरीनं असं तोंडावर सांगितल्यावर मला राग यायला हवा होता. आली ती लाज.

स्पर्धा साधी होती. उंदीर मारायचा लाकडी पट्टीवरचा चाप असतो ना, खट्‌कन बंद होणारा, तो गाडीवर बसवायचा. चापाला लांब दांडी जोडायची, दांडीच्या टोकाला दोरा, दोरा मागच्या चाकांच्या आसाला गुंडाळायचा. चाप सुटला की दांडी पुढे येते, दोरा ओढला जातो, आस फिरतो, गाडी पळते. जी गाडी सगळ्यांत लांब जाईल ती पहिली. दुसरं इंजिन नाही, सेल नाही, आणि बाजारातून आणलेल्या चापाची मूळ स्प्रिंग बदलायची नाही. मोठ्यांनी हात लावायचा नाही. मी नोटीस वाचून दाखवली तर दुसऱ्या दिवशी आठवीतल्या चौघांनी घरातले तारेचे पिंजरे उचलून आणले. एकात कालची भाकरीसुद्धा होती. मी सगळ्यांना पिंजऱ्यांसकट वर्गाबाहेर उभं केलं.

अब्बासभाई त्याच आठवड्यात शाळेत आले. कामावरून थेट, शर्टावर तेलाचे डाग.

"मॅडम, स्प्रिंगेची स्पर्धा हाय म्हणं."

"गाडीची आहे."

"पळणार तर स्प्रिंगेवरच ना! मग मी काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच नाय?"

"अब्बासभाई, तुम्ही हात मागे बांधून बसायचं. तिनं बजावलंय."

ते हसले, पण चेहरा पडलेला होता. स्प्रिंगेच्या कामात आपली गरज नाही असं सत्तावीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फलक घराच्या पुढच्या खोलीत गाडी बनवत होती आणि हे पलंगावर बसून बघत होते. जुन्या सीडींची चाकं, त्यांना फुग्याचं रबर, सायकलच्या तारेचा आस, छत्रीच्या काडीची दांडी. दर दोन दिवसांनी ते शाळेच्या फाटकाशी मला गाठायचे. "मॅडम, ती आसाला खोबरेल लावती." "मॅडम, दोरा उलटा गुंडाळला, मी तोंड दाबून बसलो." एकदा तर म्हणाले, "मी आता नमाजनंतर एवढंच मागतो, की माझी जीभ आवर." मी हसून सोडून देत होते. तेव्हा त्यांचं खरंच हसू येत होतं.

फलकची वही मात्र बघण्यासारखी होती. पहिल्या दिवशी गाडी सहा मीटर गेली. दांडी आखूड होती, गाडी दचकून उडायची आणि थांबायची. तिनं दांडी वाढवली, आठ मीटर. आणखी वाढवली तर गाडी हलेचना. मग अर्धा सेंटीमीटर कमी, पुन्हा पाव सेंटीमीटर जास्त. प्रत्येक वेळची तारीख, लांबी, अंतर. एका पानावर लिहिलेलं होतं, 'स्प्रिंग लहान ताकदीची आहे. तिला जेवढं झेपतं तेवढंच काम द्यायचं.' दोन महिन्यांनी शाळेच्या व्हरांड्यात तिची गाडी चौदा मीटर वीस सेंटीमीटर गेली. हळू, आवाज न करता, मुंगीसारखी. मी घोषणापत्रावर सही केली, 'सदर गाडी विद्यार्थिनीने कोणत्याही प्रौढ व्यक्तीच्या मदतीशिवाय बनवली आहे.' आयुष्यात इतक्या खात्रीनं मी कमी सह्या केल्यात.

स्पर्धा रविवारी होती, गंगापूर रोडला, एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये. शनिवारी गाडी चालवायची नाही असं फलकनं ठरवलेलं. गाडी बुटांच्या खोक्यात ठेवली, वर दोरी बांधली आणि ती वहीला कव्हर घालायला पुठ्ठा आणायला म्हणून बिलकिसबरोबर बाजारात गेली. दोघींना यायला दोन तास लागले. या दोन तासांचं पुढे सांगते, कारण मलाही ते नंतरच कळलं.

हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, मधे आखलेल्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना दोरी. दोरीच्या आत फक्त मुलं आणि परीक्षक. माईकवरून तीनदा सांगितलं, की पालक किंवा शिक्षक दोरीपलीकडून एक शब्द बोलले तरी ती गाडी बाद. मी आणि अब्बासभाई शेजारी शेजारी उभे. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. हात खरंच मागे बांधलेले. मी चेष्टेनं म्हटलं, "शाबास!" ते हसले नाहीत. स्पर्धेची भीती असेल असं मला वाटलं.

आधीच्या गाड्यांत सगळ्यांत लांब गेलेली होती बारा मीटर सत्तर. म्हणजे फलकनं व्हरांड्यातलं अंतर नुसतं पुन्हा काढलं असतं तरी पुरलं असतं. तिचा नंबर सतरावा. तिनं खोकं उघडलं, गाडी रेषेवर ठेवली, दोरा गुंडाळायला लागली. मधेच थांबली. दांडी मागे ओढताना तिला जोर लावावा लागत होता. तिनं तळहात ओढणीला पुसले, पुन्हा ओढली. मग गाडी सोडली.

चाकं जागच्या जागी गरगर फिरली. फरशीवर रबर घासल्याचा चर्र असा आवाज आला, गाडी उसळली, तिरकी झाली आणि दोरीच्या खांबावर आदळून थांबली. चार मीटर तीस.

माझ्या शेजारून एक बारीक आवाज आला. श्वास आत घेतल्याचा. मी वळून बघितलं तर अब्बासभाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला. गाडी का घसरली हे त्या हॉलमध्ये त्या क्षणी एकाच माणसाला कळलं होतं, आणि तो दोरीच्या चुकीच्या बाजूला होता.

"काल... म्हणजे परवा चौदा गेली होती, सर," फलक परीक्षकांना म्हणत होती. "दोन संधी असतात ना? मी दोरा बघते."

परीक्षकांत शेखर सर म्हणून एक इंजिनिअर होते, सातपूरच्याच एका कारखान्यातले. चांगला माणूस. ते मदत करायच्या भावनेनंच गुडघ्यावर बसले, गाडी उचलली, दांडी पुढे पडलेली होती म्हणून चापाच्या आत डोकावले. आणि तसेच राहिले. मग त्यांनी नखानं काहीतरी खरवडलं. मला दहा फुटांवरूनही ते दिसलं, कारण मी तो रोज फाटकावर बघत होते.

"ही स्प्रिंग बाजारातली नाही," शेखर सर म्हणाले. "हा ठिपका आमच्याकडे येणाऱ्या मालावर असतो. ही सातपूरच्या वर्कशॉपमधली आहे, चांगल्या तारेची, भट्टीतून काढलेली. कुणी बसवली?"

फलक खाली वाकली. ठिपका बघितला. तिच्या घरात चमच्यांच्या स्टँडपासून दारापर्यंत जिकडे तिकडे तो ठिपका आहे, तिला ओळखायला किती वेळ लागणार? ती सावकाश उभी राहिली. मला वाटलं आता ती आमच्याकडे बघेल. तिनं मान वर केलीच नाही.

"मी बदलली, सर," ती म्हणाली.

"तू? एकटीनं?"

"हो. मीच."

अब्बासभाईंचे मागे बांधलेले हात सुटले. ते दोरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. एक शब्द बोलले तर गाडी बाद, हे डोक्यात पक्कं बसलेलं, आणि गाडी तर डोळ्यांसमोर बाद होतच होती. आणि मी? एरवी वर्गात कुणी कुजबुजलं तरी छप्पर उडवणारी मी, हातात घोषणापत्राची प्रत धरून गप्प उभी राहिले. आमच्या शाळेच्या आणखी दोन गाड्या रांगेत होत्या, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. मी घाबरले होते.

शेखर सरांनी तिच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि खाली सही. नियम मोडल्यामुळे गाडी बाद, पुढच्या वर्षीही भाग घेता येणार नाही. "अगं, हुशार आहेस, कशाला असलं केलंस?" असंही म्हणाले. ती हो सर, हो सर करत राहिली. सही करताना मात्र पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

बाहेर पार्किंगमध्ये अब्बासभाईंनी खिशातून जुनी स्प्रिंग काढली आणि माझ्यासमोर धरली, जणू फलकसमोर धरायची त्यांची छाती नव्हती.

"थकली होती, मॅडम," ते म्हणाले. "काल खोकं दिसलं. म्हटलं, हात नाय लावायचा, नुसतं बघायचं. बोटानं दाबून बघितली तर दमच नाय तिच्यात. दोन महिने रोज ओढलेली. म्हटलं, उद्या भर हॉलमध्ये तुटली तर? पोरीचं तोंड बघवलं नसतं मला. वर्कशॉप जवळच, मोटारसायकल काढली, अर्ध्या तासात करून बसवली. तिच्याच मापाची केली, अल्लाकसम. जोर वाढवायचा नव्हता मला."

"मग साधी, बाजारातल्यासारखी बनवायची होती!" मी ओरडलेच. "एवढी दणकट कशाला?"

त्यांनी जुनी स्प्रिंग पुन्हा खिशात घातली. वाईट स्प्रिंग कशी बनवायची हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि चांगली झाल्यावर ठिपका द्यायचा नाही, हे तर त्यांच्या मनातही आलं नसेल.

मग ते एकदम वळले. "मी आत जातो. त्या साहेबाला सांगतो. पोरगी खरी हाय, मी केलंय म्हणतो."

"नको, अब्बू," फलक म्हणाली. इतका वेळ ती खोकं छातीशी धरून माझ्या स्कूटरला टेकून उभी होती. रडत नव्हती. "तुम्ही जाऊ नका."

"बेटा, तू खोटी ठरलीस."

"ठरू दे." ती स्कूटर सोडून सरळ उभी राहिली. "तुम्ही जाऊन सांगितलंत की स्प्रिंग तुमची, तर ते म्हणतील, बघा, बापानंच केली. मग दांडी पण तुमची, चाकं पण तुमची. वही पण तुम्हीच लिहून दिली म्हणतील. सगळी गाडी तुमची होईल. मी बदलली म्हटलं तर मी लबाड. पण गाडी माझी राहते."

अब्बासभाईंनी माझ्याकडे बघितलं. मॅडम, तुम्ही शिकलेल्या, काहीतरी वाट काढा, असं ते बघणं होतं. मला वाट दिसत नव्हती. कारण मागल्या वर्षी स्टाफरूममध्ये ते वाक्य म्हणणाऱ्यांत मी होते, आणि तेच वाक्य उद्या सगळा हॉल म्हणेल हे त्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. माणसाकडून चूक झाली तर निदान कबूल तरी करता येते. अब्बासभाईंकडे तेही उरलं नाही.

ते मोटारसायकलवर बसले. फलक मागे बसली, खोकं दोघांच्या मधे. एरवी ती त्यांच्या खांद्याला धरते. त्या दिवशी तिचे दोन्ही हात खोक्यावर होते.

आठवड्यानं फलक जुनी स्प्रिंग घेऊन माझ्याकडे आली. ती तिनं वडिलांकडून मागून घेतली होती. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून तिनं ती पुन्हा चापावर चढवली, नवी काढून मला दिली, आणि आम्ही व्हरांड्यात गाडी सोडली. तेवढ्यात अब्बासभाई फाटकातून आत आले. तिचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला. व्हरांड्याच्या टोकाला ते थांबले. डबा खाली ठेवला आणि न सांगता हात मागे घेतले.

गाडी निघाली. हळू, आवाज न करता. ऑफिसच्या दारावरून, पाण्याच्या टाकीवरून, सहावीच्या वर्गावरून पुढे गेली आणि त्यांच्या चपलांपासून वीतभर अंतरावर थांबली. फलकनं टेप लावली. चौदा मीटर पस्तीस.

स्प्रिंग थकलेली नव्हतीच. ती पहिल्या दिवसापासून तेवढीच होती, स्वस्तातली, कमी दमाची. फलकनं सगळी गाडी तिच्या दमाला जुळवून बनवली होती. अब्बासभाईंच्या बोटांना चांगल्या मालाची इतकी सवय, की साधी स्प्रिंग त्यांना मरायला टेकलेली वाटली.

"चांगली होती," ते म्हणाले. एवढंच. फलक म्हणाली, "हो, अब्बू," आणि डबा उचलून वर्गात गेली. गाडी तिनं घरी नेली नाही. माझ्या कपाटात ठेवायला दिली आणि किल्ली माझ्याकडेच ठेवा म्हणाली. कारण मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बापाशी ती नीट वागते, बोलते, हसतेसुद्धा. गाडी मात्र माझ्या कपाटात आहे.

अब्बासभाई अजून अधूनमधून येतात. दाराचा बोल्ट बघतात, घंटेची दोरी बघतात. पूर्वीसारखं काही उचलून टकटक करत नाहीत. या जूनमध्ये शाळेच्या फाटकाची स्प्रिंग तुटली, आणि निरोप जायच्या आत ते नवी घेऊन हजर. बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. ते गेल्यावर मी ती खालून वरून, सगळ्या बाजूंनी बघितली. ठिपका नव्हता.

पुढच्या वेळी विचारलं, तर म्हणाले, "राहिला असंल, मॅडम."

फाटक नीट लागतं, काही तक्रार नाही. फलक आता नववीत आहे. रोज सकाळी ती त्याच फाटकातून आत येते, मागे वळून ते ओढून घेते. खाली तिचं लक्ष गेलंय की नाही, हे तिला विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.